थांबा गावाला नव्हे, रस्त्याला: मेट्रोपार्क स्थानकाचा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघालेली, अमेरिकेत लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकची गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यातून वर येते, १६ किलोमीटरवर न्यूअर्कला थांबते आणि मग न्यू जर्सीच्या उपनगरांतून सुटते ती सुसाट. एलिझाबेथ, लिंडन, रॉवे ही जुनी, भरवस्तीतली स्टेशनं झरझर मागे पडतात. मग ४०व्या किलोमीटरच्या आसपास, जिथे जुनी बाजारपेठ नाही, चौक नाही, टाउन हॉल नाही, अशा ठिकाणी यातल्या बऱ्याच गाड्या वेग उतरवून उभ्या राहतात. हे मेट्रोपार्क. वुडब्रिज टाउनशिपच्या इझलिन भागातलं स्टेशन. ओक ट्री रोडवर साड्या आणि किराणा घ्यायला जाणाऱ्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ते चांगलं माहीत असतं.

इथून पुढे साधारण १३ किलोमीटरवर न्यू ब्रन्सविक लागतं. मिडलसेक्स काउंटीचं मुख्य ठिकाण, रटगर्स विद्यापीठाचं गाव, १८८६ पासून जॉन्सन अँड जॉन्सनचं घर. विद्यापीठ आणि कंपनीचं मुख्यालय दोन्ही स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. नकाशा समोर ठेवून ‘न्यूअर्क आणि ट्रेंटन यांच्यामध्ये आंतरशहरी गाडीला एकच थांबा द्या’ असं सांगितलं, तर दहातले नऊ जण न्यू ब्रन्सविकवर बोट ठेवतील. तिथे अ‍ॅमट्रॅकच्या मोजक्याच गाड्या थांबतात, मेट्रोपार्कला कितीतरी जास्त. असं का झालं, याचा हा अभ्यास.

वेळ कोणती होती

१९६५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने वेगवान भूपृष्ठ वाहतुकीचा कायदा केला. विमानं आणि महामार्ग यांच्यापुढे रेल्वे टिकते का, हे प्रत्यक्ष प्रयोग करून पाहायला त्यातून सरकारी पैसा आला. १६ जानेवारी १९६९ रोजी न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन मेट्रोलायनर ही वेगवान गाडी धावू लागली. ती चालवणारी पेन सेंट्रल कंपनी तेव्हाच डबघाईला आली होती. जून १९७० मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि १ मे १९७१ पासून देशभरातल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या अ‍ॅमट्रॅककडे गेल्या. मेट्रोपार्क उघडलं १४ नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे अ‍ॅमट्रॅक जेमतेम साडेसहा महिन्यांची असताना.

मेट्रोलायनरचा खरा प्रतिस्पर्धी होता ईस्टर्न एअरलाइन्सचं शटल विमान. १९६१ पासून न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि बॉस्टन यांच्यात ही सेवा होती. आरक्षण न करता जा, बसा आणि उडा. रेल्वेचे नियोजक या विमानाकडे बघून स्टेशनं ठरवत होते, ही गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. विमानतळ शहराच्या मध्यात नसतो. तो हमरस्त्याला लागून असतो, गाडी लावायला त्याच्याकडे ऐसपैस जागा असते आणि शेजारी कोण राहतं याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. मेट्रोपार्कची मांडणी थेट तशीच आहे.

आणखी एक कारण कागदावर सहसा येत नाही, पण माझ्या मते ते होतं. जुलै १९६७ मध्ये न्यूअर्कमध्ये मोठी दंगल झाली, २६ माणसं गेली. त्यानंतर उपनगरातला गोरा मध्यमवर्ग त्या शहराच्या मध्यभागी गाडी घेऊन जायला कां कूं करू लागला. न्यूअर्कचं स्टेशन कितीही देखणं आणि सोयीचं असलं, तरी त्याचा नैसर्गिक परिसर अशा रीतीने आक्रसला होता.

उमेदवार

न्यूअर्क ते ट्रेंटन हे अंतर ७७ किलोमीटरचं. एवढ्या दाट वस्तीतून न थांबता जाणं म्हणजे हातचं गिऱ्हाईक सोडणं. मधल्या जागांपैकी विचार करण्याजोग्या पाच होत्या.

एलिझाबेथ मोठं शहर, पण न्यूअर्कपासून आठ-नऊ किलोमीटरवर. इतक्या जवळ दुसरा थांबा दिला, तर नवे प्रवासी थोडे मिळतात. न्यूअर्कचेच प्रवासी दोन फलाटांत विभागले जातात. एक गंमत अशी की वेळेच्या हिशेबात हा थांबा सगळ्यात स्वस्त पडला असता. एलिझाबेथला रूळ इंग्रजी ‘एस’सारखे वळतात आणि गाडीला तिथे ताशी ९० किलोमीटरच्या आसपास यावंच लागतं. वेग आधीच उतरलेला असताना थांबायला फार काही लागत नाही. तरीही तो थांबा निवडण्यात अर्थ नव्हता.

रॉवेचा दावा सर्वांत तगडा होता असं मला वाटतं. समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा फाटा तिथून फुटतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांतले लोक लोकलने येऊन इथे गाडी बदलू शकले असते. रेल्वेच्या माणसाला जंक्शनचं आकर्षण असतंच. पण फाटा फुटण्याआधीच्या पट्ट्यात दोन्ही दिशांची लोकल वाहतूक एकत्र कोंबलेली असते. तिथे लांब पल्ल्याची गाडी उभी करायची म्हणजे मागच्या साऱ्यांचा खोळंबा. शिवाय रॉवे हे जुनं, दाटीचं गाव. हजारभर मोटारी लावायच्या कुठे?

प्रिन्स्टन जंक्शनला गर्भश्रीमंत परिसर आहे आणि मोटारी लावायला जागाही. पण ते ट्रेंटनपासून १६ किलोमीटरवर आहे, आणि ज्या पट्ट्यात गाडीने वेळ वाचवायचा त्याच पट्ट्यात बसलं आहे. न्यू ब्रन्सविक ते ट्रेंटन हा सरळ, सपाट भाग. १९६७ मध्ये मेट्रोलायनरच्या डब्यांची ताशी २४० किलोमीटरच्या वरची चाचणी इथेच झाली, आणि २०११ मध्ये केंद्राने ४५ कोटी डॉलर दिले तेही याच पट्ट्याचा वेग वाढवायला. अशा ठिकाणी थांबा म्हणजे बैलाला पळवायचं आणि शर्यतीच्या मध्यावर वेसण ओढायची.

उरले न्यू ब्रन्सविक आणि इझलिनची मोकळी जागा.

रस्ता कुठे रूळ ओलांडतो

गार्डन स्टेट पार्कवे हा न्यू जर्सीचा उभा महामार्ग. दक्षिण टोकाच्या केप मेपासून न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीपर्यंत सुमारे २७७ किलोमीटर. १९५०च्या दशकात तो पुरा झाला आणि किनाऱ्याकडच्या काउंट्यांमधली शेतं भराभर घरांच्या वसाहती झाली. हा रस्ता न्यूयॉर्क-वॉशिंग्टन रेल्वेमार्गाला छेदतो तो इझलिनला. इंटरस्टेट २८७ आणि टर्नपाइक हे महामार्गही तिथून फार लांब नाहीत.

आता फ्रीहोल्डला राहणाऱ्या माणसाचं बघू. त्याला वॉशिंग्टनला जायचं आहे. न्यूअर्कला जायचं तर सकाळच्या गर्दीत उत्तरेला मोटार हाकायची, शहरात शिरायचं, पार्किंग शोधायचं, आणि मग गाडीत बसून ज्या भागातून आलो त्याच भागातून परत दक्षिणेला जायचं. शुद्ध द्राविडी प्राणायाम. हा माणूस न्यूअर्कला येत नाही. तो सरळ मोटारीनेच वॉशिंग्टन गाठतो किंवा विमान पकडतो. उपनगरी थांबा कुठे द्यायचा हे ठरवताना नियोजक अशाच माणसाला शोधत असतो. ज्याला उलटं जावं लागतं म्हणून जो गाडीत बसतच नाही, तो थांबा दिल्यावर नव्याने मिळतो. जो आधीच न्यूअर्कहून बसत होता आणि आता मेट्रोपार्कहून बसेल, त्याच्यापासून रेल्वेला नवं फारसं काही मिळत नाही.

या कसोटीवर न्यू ब्रन्सविक मागे पडतं. तिथलं स्टेशन जुन्या शहराच्या पोटात, भरावावर आहे. विद्यार्थ्याला आणि कंपनीतल्या अधिकाऱ्याला ते सोयीचं आहे, पण पार्कवेवरून येणाऱ्याला शहरातल्या रस्त्यांत घुसून तिथे पोचावं लागतं आणि पोचल्यावर मोटार ठेवायची अडचण. स्टेशनभोवतीच्या दोन किलोमीटरांत न्यू ब्रन्सविकची माणसं इझलिनपेक्षा कितीतरी जास्त होती. वर्तुळ पंचवीस किलोमीटरचं केलं आणि प्रत्येकाच्या घरून लागणारी मिनिटं मोजली, की पारडं फिरतं. रोज ये-जा करणारा स्टेशनपासून किती दूर राहतो हे लोकलला महत्त्वाचं. महिन्यातून दोनदा वॉशिंग्टनला जाणारा माणूस अर्धा-पाऊण तास मोटार चालवायला कुरकुरत नाही.

एका थांब्याची किंमत

आता दुसरी बाजू. थांबा फुकट नसतो, आणि त्याची किंमत गाडी फलाटावर जितकी मिनिटं उभी असते त्यापेक्षा बरीच जास्त असते.

ढोबळ गणित करून पाहू. गाडी ताशी २०० किलोमीटरने येते आहे, म्हणजे सेकंदाला ५५ मीटरच्या थोडं वर. प्रवाशांच्या हातातली कॉफी सांडणार नाही असा ब्रेक लावला, तर तिला थांबायला सुमारे दीड मिनिट आणि अडीच किलोमीटर लागतात. तेच अंतर पूर्ण वेगात पाऊण मिनिटात गेलं असतं. पुन्हा २०० चा वेग पकडायला साडेचार किलोमीटरच्या आसपास लागतात, आणि तिथे आणखी सव्वा मिनिट जास्तीचं जातं. म्हणजे फलाटावरचा वेळ न धरताच दोन मिनिटं खर्ची पडली. फलाटावरचं मिनिट-सव्वा मिनिट धरलं की तीन ते साडेतीन. हाच थांबा ताशी २४० च्या पट्ट्यात दिला तर चार मिनिटांच्या पुढे, आणि एलिझाबेथच्या वळणावर दिला तर दोनच्या आसपास. प्रिन्स्टन जंक्शन का महाग पडतं, ते यात दिसतं.

गाडीत चारशे प्रवासी असतील आणि मेट्रोपार्कला चाळीस चढणार असतील, तर त्या चाळिसांसाठी बाकीचे चारशे प्रत्येकी तीन-साडेतीन मिनिटं देतात. चाळिसांपैकी बहुतेकांचा अर्धा-पाऊण तास वाचत असेल तर सौदा बरोबरीत सुटतो, थोडा फायद्यातच. दहाच चढणार असतील तर तोट्यात. हा हिशेब गाडीगणिक बदलतो, हे पुढे कामाला येईल.

मेट्रोपार्कला यात एक जादा खर्च आहे. न्यू जर्सीत हा मार्ग मुख्यतः चार रुळांचा आहे. १ आणि ४ क्रमांकाचे रूळ बाहेरचे, धीम्या गाड्यांचे. २ आणि ३ आतले, जलद गाड्यांचे. मेट्रोपार्कचे दोन्ही फलाट दोन अंगांना आहेत, म्हणजे ते फक्त बाहेरच्या रुळांना लागतात. वॉशिंग्टनकडे जाणारी गाडी ३ नंबरवरून येत असते. स्टेशनच्या बरीच आधी सांधे फिरवून तिला ४ नंबरवर घ्यायचं, त्यासाठी ४ नंबर मोकळा ठेवायचा, म्हणजे तिच्या पुढची लोकल आधीच पुढे काढलेली हवी आणि मागची रोखलेली हवी. गाडी थांबते, सुटते, आणि पुन्हा सांधे बदलून आत येते; तेव्हा ३ नंबरवर मागून दुसरी जलद गाडी येत नाही ना, हे पाहावं लागतं. सगळं सुरळीत असेल तर प्रवाशाला फक्त डब्याचा एक हलका हेलकावा जाणवतो. एखादी लोकल पाच मिनिटं उशिरा असेल, तर तो उशीर आतल्या रुळांवरही झिरपतो.

आतल्या रुळांना लागणारा फलाट बांधता आला नसता का? आला असता, पण रुळांमधलं अंतर वाढवायचं म्हणजे दोन्ही बाजूंचे रूळ, विजेच्या तारा, खांब सगळं सरकवायचं, तेही वाहतूक चालू ठेवून. एक स्टेशन उभारायच्या खर्चात ते बसणारं नव्हतं. आणि न्यू ब्रन्सविक किंवा प्रिन्स्टन जंक्शन निवडलं असतं, तरी ही अडचण टळली नसती, कारण तिथेही फलाट बाहेरच्याच अंगाला आहेत. म्हणून या निवडीत फलाटांची रचना निर्णायक ठरली नाही. तिने फक्त थांब्याचा रोजचा खर्च वाढवला.

लोकलचा प्रवासी आणि लांबचा प्रवासी

मेट्रोपार्क बांधलं गेलं दोघांसाठी, आणि कुरबूर इथूनच सुरू होते. न्यूयॉर्कला रोज कामाला जाणारा सकाळी सहा-सातला येतो, मोटार लावतो, संध्याकाळपर्यंत ती हलत नाही. साडेनऊच्या गाडीने वॉशिंग्टनला निघालेला माणूस येईपर्यंत जागा संपलेली. ज्या सोयीच्या जोरावर थांबा निवडला, तीच सोय रोजचे प्रवासी आधी व्यापतात. मोकळ्या मैदानासारख्या वाहनतळाच्या जागी पुढे बहुमजली वाहनतळ उभे राहिले, त्यामागे हा रेटा होताच.

गाडीतल्या खुर्च्यांबाबतही तोच पेच. न्यूयॉर्क ते मेट्रोपार्क एवढंच जाणारे लोक आंतरशहरी गाडीत भरले, तर वॉशिंग्टनपर्यंत विकता आली असती ती खुर्ची तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला रिकामी होते. अ‍ॅमट्रॅक यावर दोन उपाय करते. एक म्हणजे भाडं. न्यू जर्सी ट्रान्झिटची लोकल स्वस्त आणि सारखी मिळते, तेव्हा जवळच्या पल्ल्याला अ‍ॅमट्रॅकचं महाग तिकीट काढणारे थोडे. दुसरा उपाय फ्लोरिडाकडच्या सिल्व्हर मीटिअरसारख्या लांबच्या गाड्यांसाठी: दक्षिणेला जाताना न्यूअर्कसारख्या स्टेशनांवर फक्त चढायचं, उत्तरेला येताना फक्त उतरायचं. मेट्रोपार्कला तर सिल्व्हर मीटिअर थांबतच नाही. रात्रभर प्रवास करणारा माणूस सामानसुमान घेऊन न्यूअर्क किंवा ट्रेंटनला जाईल, असा हिशेब.

नंतर जे उगवलं

स्टेशनभोवती आधी मोकळी जागा होती. थांब्यामुळे ती बदलली, पण घरांनी नव्हे. हमरस्ता, लोकल आणि वॉशिंग्टनची गाडी तिन्ही एका जागी मिळाल्यावर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. एंगलहार्ड या रसायन कंपनीचं मुख्यालय इथल्या वुड अ‍ॅव्हेन्यूवर होतं. २००६ मध्ये बीएएसएफने ती विकत घेतली. या कचेऱ्यांमुळे थांब्याला उलट्या दिशेचे प्रवासीही मिळाले: फिलाडेल्फियाहून सकाळी येऊन मेट्रोपार्कला उतरणारे. १९७१ मध्ये ज्यांच्या भरवशावर थांबा दिला, त्या यादीत ही माणसं नव्हती. नव्या स्टेशनाचे अंदाज चुकतात ते बहुधा असेच. कोणता परिसर गाडीला माणसं पुरवेल हे कळतं, कोणता परिसर गाडीमुळे तयार होईल हे नंतर दिसतं.

पायी येणाऱ्याला मात्र मेट्रोपार्क आजही फारसं आपलंसं वाटणार नाही. रुंद रस्ते, वाहनतळांच्या भिंती, कचेऱ्यांच्या काचा. संध्याकाळी सातनंतर थांबून चहा प्यावा असं तिथे काही नाही. थांबा म्हणून उत्तम, जागा म्हणून रुक्ष.

हीच पाककृती इतरत्र

हा प्रयोग पहिला नव्हता. न्यू हेवन रेल्वेने १९५३ मध्येच बॉस्टनबाहेर रूट १२८ या वळसा मार्गालगत स्टेशन काढलं, बॉस्टनपासून १८ किलोमीटरवर. नावही सरळ रस्त्याचंच दिलं. तिथे आज असेला ही अ‍ॅमट्रॅकची सर्वांत वेगवान गाडी थांबते. वॉशिंग्टनबाहेर कॅपिटल बेल्टवे स्टेशन १९७० मध्ये उघडलं, पण १९८३ मध्ये अ‍ॅमट्रॅकने तो थांबा जवळच्या न्यू कॅरलटनला हलवला, कारण तिथे मेट्रो येऊन पोचली होती. पार्किंग होतंच, वर शहरातली मेट्रोही मिळाली, मग जुन्या जागेचा मोह कशाला?

पेनसिल्व्हेनियातलं कॉर्नवेल्स हाइट्स याच साच्यातलं: इंटरस्टेट ९५ ला लागून, भलामोठा वाहनतळ. तरी तिथे अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या मोजक्याच थांबल्या. ट्रेंटन आणि फिलाडेल्फिया यांच्यात अंतरच ५४ किलोमीटरचं, आणि दोन्ही टोकांना अ‍ॅमट्रॅकचा नीट थांबा. उलटं जावं लागणारी माणसं तिथे पुरेशी उरत नाहीत.

रस्त्याशी काहीही संबंध नसलेलं उदाहरण म्हणजे नॉर्थ फिलाडेल्फिया. न्यूयॉर्कहून शिकागोला जाणाऱ्या गाड्यांनी मुख्य स्टेशनात शिरायचं तर दिशा उलटवावी लागायची. म्हणून ब्रॉडवे लिमिटेडसारखी मानाची गाडीही शहराच्या मुख्य स्टेशनाला बगल देऊन नॉर्थ फिलाडेल्फियालाच थांबायची. त्या गाड्यांचा मार्ग बदलला, आसपासचे कारखाने उठले, आणि आज तिथे अ‍ॅमट्रॅकची एखाद-दुसरी गाडी थांबते.

कोणत्या गाडीला थांबा

मेट्रोपार्कला आंतरशहरी थांबा आहे म्हणजे प्रत्येक गाडीला आहे असं नव्हे. वेळापत्रक बनवणारा ते तीन मिनिटांचं गणित गाडीगणिक मांडतो. नॉर्थईस्ट रीजनल तशीही ठिकठिकाणी थांबते. तिच्या प्रवाशाला तीन मिनिटं जास्त गेली तरी चालतात, म्हणून हा थांबा प्रामुख्याने तिच्याकडे. असेला विकली जाते ती वेळेवर. तिच्या मोजक्याच फेऱ्यांना मेट्रोपार्क मिळतं. तिथला धंद्याच्या कामाने जाणारा प्रवासी सकाळी दक्षिणेला निघतो आणि संध्याकाळी परततो, त्यामुळे सकाळची वॉशिंग्टनकडे जाणारी आणि संध्याकाळची तिकडून येणारी असेला थांबवली तर तिच्या वाट्याला चाळीस माणसं येऊ शकतात, आणि भर दुपारच्या असेलाच्या वाट्याला दहा.